रात्रीची भट्टी, दिवसाची वीज : अकरा फाउंड्र्यांच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

पश्चिम महाराष्ट्रातील एका औद्योगिक वसाहतीतल्या अकरा लहान-मध्यम फाउंड्र्यांनी (लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांनी) २०२५ मध्ये पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या विजेचा विचार एकत्र बसून केला. अणुवीज, सौर-पवन वीज आणि बॅटरी अशा तिन्ही पर्यायांवर तिथे जोरदार वाद झाला, काही निर्णय झाले, काही लांबणीवर पडले आणि एक निर्णय सुरुवातीला अंगाशी आला. गावाचे व कारखान्यांचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत. ऊर्जा लेखापरीक्षक या नात्याने टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे खाली ज्या चुका नोंदवल्या आहेत, त्यांतल्या निदान दोन माझ्या स्वतःच्या आहेत.

पार्श्वभूमी

या वसाहतीत बहुतेकांकडे ५०० किलोच्या दोन क्रुसिबल (धातू वितळवण्याची भांडी) आणि त्यांना वीज पुरवणारे ५५० किलोवॅटचे एक पॅनेल अशी विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आहे. एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. आठ तासांच्या पाळीत आठ हीट (वितळवलेल्या धातूच्या खेपा) काढल्या, तर चार टन माल आणि २,४०० युनिट असा हिशेब होतो. मोल्डिंगचे (साचे भरण्याचे) मशिन, साच्यांची वाळू तयार करणारा सँड प्लांट, काँप्रेसर, फेटलिंगचे (ओतीव माल साफ करण्याचे) ग्राइंडर वगैरे मिळून जो भार होतो, तो भट्टीपुढे किरकोळ असतो. फाउंड्रीचे लाईट बिल म्हणजे मुख्यतः भट्टीचे बिल.

ही भट्टी वर्षानुवर्षे रात्री चालत आली, कारण रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे दीड रुपयाची सवलत मिळत असे. २,४०० युनिटांवर रात्रीला ३,६०० रुपये आणि महिन्याच्या पंचवीस रात्रींचे ९०,००० रुपये वाचत. लहान फाउंड्रीला ही रक्कम नफा आणि तोटा यांच्यामधली भिंत होती. बिलिंग डिमांडही (ज्या कमाल मागणीवर स्थिर आकार लागतो ती) सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेतलीच धरली जात असल्यामुळे रात्री भट्टी लावण्यात दुहेरी फायदा होता. दिवसा साचे भरायचे, संध्याकाळी फ्लोअर साच्यांनी भरून गेले की रात्री धातू ओतायचा, पहाटे नॉकआउट करायचे (साचे फोडून माल बाहेर काढायचा), अशी सगळ्या वसाहतीची घडी त्यातून बसली. दुसऱ्या पिढीतल्या मालकांना तर भट्टी रात्रीच चालते हा निसर्गनियमच वाटत होता.

ही सवलत मुळात कशासाठी होती, याचा विचार फारसा कुणी केला नव्हता. कोळशाचे संच रोज रात्री बंद करून पहाटे पुन्हा पेटवता येत नाहीत आणि अणुभट्टीचा स्वभाव तर चोवीस तास एकाच लयीत चालण्याचा. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ पासून आणि ५४० मेगावॅटचे पुढचे दोन संच २००५-०६ पासून असेच पायाभूत भारासाठी, म्हणजे चोवीस तास असणाऱ्या किमान मागणीसाठी, चालवले गेले. गाव झोपल्यावर उरणाऱ्या विजेला गिऱ्हाईक मिळावे, म्हणून रात्रीचा दर स्वस्त ठेवलेला होता. भारनियमनाच्या काळात, म्हणजे साधारण २००५ नंतरच्या सात-आठ वर्षांत, ही व्यवस्था राज्याच्याही सोयीची ठरली.

अडचण

दरम्यानच्या काळात राज्यातल्या विजेचा दिवस बदलला. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले गेले, छतांवर पॅनेल चढली, गुजरात-राजस्थानची सौर वीज येऊ लागली. दुपारी वीज मुबलक आणि सूर्य मावळल्यावर टंचाई, असे चित्र तयार झाले. मार्च २०२५ अखेरीस राज्य वीज नियामक आयोगाचा बहुवार्षिक दरआदेश आला. काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली, जूनअखेरीस फेरआदेश निघाला आणि १ जुलैपासून नवी वेळनिहाय आकारणी सुरू झाली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सवलत, पाच ते मध्यरात्र अधिभार आणि मध्यरात्रीनंतर ना सवलत ना अधिभार, अशी ही नवी रचना होती. या आदेशावरचा वाद पुढे न्यायालयातही गेला. फाउंड्रीवाल्यांपुरता अर्थ मात्र एका ओळीत मावत होता : रात्रीचा दीड रुपया गेला.

पहिल्या बैठकीत या एका ओळीवर बोलणे व्हायला हवे होते, पण प्रत्यक्षात चर्चा निघाली ती देशाच्या ऊर्जाधोरणावर. एका सभासदाचे मामा तारापूरला तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहेत आणि वसाहतीत सगळेच त्यांना मामा म्हणतात. त्यांनी अणुऊर्जेची बाजू लावून धरली. तरुण मालकांपैकी तिघांनी एका विकासकाचे सौर प्रकल्पाचे सादरीकरण पाहिलेले होते आणि त्यांना करारावर लगेच सही करायची होती. चौथ्याच्या मोबाईलमध्ये चिनी बॅटरी कंटेनरचे भाव होते. अडीच तास तावातावाने बोलून झाल्यावर एका फाउंड्रीचे हिशेब पाहणाऱ्या वहिनी म्हणाल्या, “वीज कुठली घ्यायची ते नंतर बघू. आपण भट्टी किती वाजता लावतो आणि त्याच वेळेला का लावतो, हे कुणी कागदावर लिहून काढलंय का?”

कुणीच काढलेले नव्हते. माझ्या टिपणातही ते नव्हते, ही पहिली चूक.

समोरचे पर्याय

मामांच्या पर्यायापासून सुरुवात करतो, कारण त्याला सर्वांत आधी बाजूला सारले गेले आणि ते पूर्णपणे योग्य नव्हते. मामांचे म्हणणे असे होते की, पावसाळ्यात ढग आठवडाभर हलत नाहीत आणि त्या काळात दोन-चार तासांची बॅटरी काय करणार. ७०० मेगावॅटचा एक संच ८० टक्के भारांकाने (वर्षभरात सरासरी ८० टक्के क्षमतेने) चालला, तरी वर्षाला सुमारे ४९० कोटी युनिट देतो. तेवढी वीज सौर पॅनेलने करायची, तर मेगावॅटमागे वर्षाला १५ लाख युनिट धरून ३,२०० मेगावॅटहून अधिक पॅनेल लावावी लागतील आणि त्यांना बारा-तेरा हजार एकर जमीन लागेल. जैतापूरसाठी घेतलेल्या ९३८ हेक्टरमध्ये प्रत्येकी १,६५० मेगावॅटचे सहा संच, म्हणजे ९,९०० मेगावॅट बसवण्याची मूळ योजना होती. हे आकडे बरोबर आहेत आणि त्यांना बैठकीत कुणी उत्तर दिले नाही.

उत्तर आले ते कॅलेंडरमधून. जैतापूरला पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात फ्रेंच कंपनीशी चौकटकरार झाला. पुढे फुकुशिमा झाले, साखरी नाट्याला आंदोलन पेटले, अणुअपघाताच्या नुकसानभरपाईत पुरवठादाराची जबाबदारी किती यावर घोडे अडले आणि जैतापूर प्रकल्पाच्या जागेवर, माडबनच्या सड्यावर, अजून अणुभट्टी उभी नाही. ज्या जातीची अणुभट्टी तिथे यायची आहे, तिचा फिनलंडमधला संच २००५ मध्ये बांधायला घेतला आणि २०२३ मध्ये नियमित चालू झाला. फ्रान्समधला संच २००७ मध्ये सुरू होऊन डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडला गेला. आपल्या देशी बनावटीच्या ७०० मेगावॅटच्या पहिल्या संचाचे, काक्रापार-३ चे, काम नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाले आणि व्यावसायिक उत्पादन जून २०२३ मध्ये. मामांनी अबूधाबीच्या बराका अणुप्रकल्पाचे उदाहरण दिले. तिथे २०१२ मध्ये काम सुरू झाले आणि २०२४ पर्यंत चारही संच चालू झाले. उदाहरण खरे आहे आणि अणुप्रकल्प रखडलाच पाहिजे असा काही नियम नाही, हे त्यातून सिद्ध होते. पण त्यातही पहिल्या संचाला आठ वर्षे लागलीच.

शिवाय फाउंड्रीवाला अणुवीज विकत घेऊ शकत नव्हता. ती राज्यांना आणि वितरण कंपन्यांना वाटून दिली जाते. डिसेंबर २०२४ अखेरीस अणुऊर्जा महामंडळाने २२० मेगावॅटचे छोटे संच उद्योगांच्या स्वतःच्या वापरासाठी उभारण्याचे प्रस्ताव मागवले, त्याची बातमी मामांनी आवर्जून आणली होती. अकरा फाउंड्र्यांची एकूण मागणी नऊ मेगावॅटच्या आसपास होती. पोलाद किंवा अॅल्युमिनियमच्या बड्या कारखान्याला तो पर्याय शोभेल, आमच्यासाठी ते चहासाठी म्हशींचा गोठा विकत घेण्यासारखे होते.

दुसरा पर्याय सामूहिक सौर प्रकल्पाचा होता. प्रकल्प कंपनीत वापरकर्त्यांचे निदान २६ टक्के भागभांडवल असले आणि निदान ५१ टक्के वीज त्यांनी स्वतः वापरली, तर तो स्ववापराचा प्रकल्प ठरतो आणि क्रॉस सबसिडी अधिभारातून (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी लावल्या जाणाऱ्या आकारातून) सूट मिळते. २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश (वितरण कंपनीच्या तारांवरून बाहेरची हरित वीज आणण्याची मुभा) नियमांनी मागणीची मर्यादा १०० किलोवॅटवर आणल्यामुळे लहान फाउंड्रीलाही ही वाट मोकळी झाली आहे. अकरा जणांचा रोजचा वापर ४०,००० युनिटांच्या घरात होता आणि एक मेगावॅट पॅनेल रोज सरासरी ४,००० युनिट देते. विकासकाच्या सादरीकरणात म्हणूनच दहा मेगावॅटचा आकडा झळकत होता. हा भागाकार बरोबर होता, पण त्यात घड्याळ नव्हते. सौर वीज तयार होणार दिवसा, भट्टी लागणार रात्री, आणि नव्या वेळपट्ट्यांमुळे दिवसा जमा केलेली वीज संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या वापरातून पूर्वीसारखी वळती करून घेता येण्याची खात्री उरलेली नव्हती. पंचवीस वर्षांच्या कराराचे सगळे गणित या वळत्या करण्यावर उभे होते.

पवन-सौर मिश्र प्रकल्पाचाही विचार झाला. सातारा-सांगलीच्या पठारांवर वारा जोरात असतो तो पावसाळ्यात, नेमका ऊन कमी असताना, आणि संध्याकाळनंतरही तो चालू राहतो. तांत्रिकदृष्ट्या मला हा पर्याय सर्वांत आवडला होता, परंतु नऊ मेगावॅटच्या गिऱ्हाइकासाठी नवीन पवनचक्की उभारायला कुणी विकासक उत्सुक नव्हता.

तिसरा पर्याय बॅटरीचा. केंद्रीय सौरऊर्जा महामंडळाच्या २०२२ च्या निविदेत दोन तासांच्या बॅटरीचे भाडे मेगावॅटमागे महिन्याला पावणेअकरा लाखांच्या वर होते, ते २०२४ अखेरीस राज्यांच्या निविदांमध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास आले. ही घसरण कुणालाही मोह पडावा अशीच आहे. रोज एकदा भरून रिकामी केली, तर एक मेगावॅटची बॅटरी महिन्याला ६०,००० युनिट इकडची तिकडे करते, म्हणजे साठवणुकीचाच खर्च युनिटमागे साडेतीन रुपयांच्या वर जातो. भरता-उपसताना वाया जाणारी वीज वेगळी, आणि सव्वादोन लाखांचा भाव शेकडो मेगावॅटच्या, सरकारी अर्थसाहाय्य असलेल्या निविदांचा आहे, आमच्यासाठी तो नव्हे. भट्टी मध्यरात्रीनंतरच ठेवायची आणि दिवसाची वीज साठवून तिला द्यायची, तर पदरात पडते ती फक्त दिवसाची सवलत, आणि ती या खर्चापेक्षा बरीच कमी होती. आगीचाही प्रश्न निघाला. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगचे बॅटरी केंद्र जळाले, त्याची दृश्ये सगळ्यांनी पाहिली होती. तिथली रसायनरचना वेगळी होती आणि हल्लीच्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या त्या मानाने सुरक्षित आहेत, हे मी सांगितले. त्यावर एका मालकाने शांतपणे विचारले की, भट्टीपासून वीस फुटांवर, सिलिका आणि कोळशाच्या धुळीत, मे महिन्यात तो कंटेनर ठेवायचा कुठे. याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

कॅलिफोर्नियाचाच आणखी एक दाखला वादात दोन्ही बाजूंनी वापरला गेला. डायब्लो कॅन्यन हा तिथला शेवटचा अणुवीज प्रकल्प २०२४-२५ मध्ये बंद करायचे २०१६ मध्ये ठरले होते. ऑगस्ट २०२० मध्ये उष्णतेच्या लाटेत संध्याकाळी भारनियमन करावे लागले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कायदा करून प्रकल्पाला २०३० पर्यंत मुदतवाढ देण्यात आली. त्याच काळात तिथल्या बॅटऱ्या काहीशे मेगावॅटवरून दहा हजार मेगावॅटच्या वर गेल्या. मामा म्हणाले, “बघा, अणुभट्टी ठेवावीच लागली.” तरुण म्हणाले, “बघा, संध्याकाळ बॅटरीनं सांभाळली.” दोघेही बरोबर होते, कारण दोघे वेगवेगळ्या वेळेबद्दल बोलत होते. वहिनींच्या प्रश्नाचे मोल मला तेव्हा नीट कळले.

चौथा पर्याय कुणी पर्याय म्हणून मांडलाच नव्हता : भट्टी दिवसा लावणे.

निर्णयाचे टप्पे

पहिला प्रश्न होता सौर करारावर जुलैच्या आत सही करायची की थांबायचे. विकासकाचा आग्रह होता आणि मुदत उलटली की दर वाढणार अशी भीती घातली जात होती. इथे वसाहतीतले सर्वांत जुने मालक, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, ते प्रथमच बोलले. “एन्रॉन आठवतोय का कुणाला?” एवढेच ते म्हणाले. पन्नाशीच्या वरच्यांना लगेच आठवला. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले, कारण वापरो वा न वापरो पैसे मोजण्याचा करार मंडळाला पेलवेना. दहा मेगावॅटच्या सौर प्रकल्पाची आणि दाभोळची तुलना खरे तर ताणलेली आहे. दाभोळला नाफ्था जाळला जात होता, इथे इंधनच नाही. पण लांब मुदतीच्या करारात परिस्थिती बदलल्यावर बाहेर पडायची वाट कोणती, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता आणि विकासकाच्या मसुद्यात त्याचे उत्तर नव्हते. सही पुढे ढकलली गेली.

दुसरा टप्पा पाळी बदलण्याचा. हा निर्णय कागदावर सोपा आणि फ्लोअरवर अवघड होता. रात्रपाळीचा भत्ता घेणारे मेल्टर नाराज होते. त्यांच्यातल्या एकाने सांगितले की, रात्री भट्टीसमोर उभे राहणे आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली भट्टीसमोर उभे राहणे यांत दीड रुपयाचा नव्हे, जिवाचा फरक आहे. दिवसा कोअर शॉपमध्ये (साच्याच्या आत बसणारे वाळूचे गाभे बनवण्याच्या विभागात) बायका काम करतात आणि ओतकाम चालू असताना त्यांची जागा तिथे असू नये. शिवाय दिवसा सगळेच एकदम चालू झाले तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली कमाल मागणी) ओलांडली जाणार होती.

तिसरा प्रश्न मामांनी उभा केला आणि तो माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा होता. दुपारची सवलत दुपारी वीज उरते म्हणून आहे. शेतीपंप दिवसावर गेले, कारखाने दिवसावर गेले, मोठ्या बॅटऱ्या दुपारीच भरल्या जाऊ लागल्या आणि घाटातले उदंचन प्रकल्प (स्वस्त विजेवर पाणी वर चढवून नंतर त्यापासून वीज करणारे) दुपारीच पाणी वर चढवू लागले, तर उरलेली वीज किती उरणार? घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून रात्रीच्या स्वस्त विजेवर पाणी चढवण्याच्या हिशेबाने बांधलेला आहे. उद्या तोच दुपारचा गिऱ्हाईक होईल. ‘रात्रीची सवलत कायमची वाटत होती आणि गेली, दुपारची का टिकेल?’ या प्रश्नातून एक निकष निघाला. जो बदल करायचा तो दोन आठवड्यांत उलटा फिरवता आला पाहिजे, आणि ज्यात पैसे अडकणार तो फक्त दिवसाच्या खात्रीच्या वापराएवढाच घ्यायचा.

केलेली कार्यवाही

ऑगस्टमध्ये चार फाउंड्र्यांनी भट्टी सकाळी नऊ ते पाच लावून पाहायचे ठरवले. तिसऱ्याच दिवशी एका ठिकाणी दुपारी दोनच्या सुमारास भट्टीचे पॅनेल ट्रिप झाले (आपोआप बंद पडले). कूलिंग टॉवर रात्रीच्या हवेचा अंदाज धरून घेतलेला होता, उघडीप पडलेल्या दमट दुपारी पाणी पुरेसे थंड होईना आणि पॅनेलच्या पाण्याचे तापमान मर्यादेवर गेले. क्रुसिबलमध्ये जवळजवळ पूर्ण हीट तयार होती. सुपरवायझरने लॅडल (धातू ओतायचे भांडे) फिरवून ती जमेल तेवढी जमिनीवरच्या पिगच्या (लोखंडाच्या लाद्यांच्या) चरांत ओतली, नाहीतर आतल्या लायनिंगसकट (अस्तरासकट) भट्टी बसली असती. पाणी किती तापेल याचे गणित माझ्या टिपणात असायला हवे होते. ते नव्हते, ही माझी दुसरी चूक.

टॉवरचा पंखा आणि फिल (पाणी पसरवणारा आतला भाग) बदलल्यावर ती अडचण सुटली, पण दुसरी उभी राहिली आणि ती कुणाच्याच ध्यानात आलेली नव्हती. दिवसा मोल्डिंग आणि दिवसाच ओतकाम सुरू झाल्यामुळे नॉकआउटमधून परतणारी वाळू गरमच सँड प्लांटमध्ये जाऊ लागली. गरम वाळूतला ओलावा टिकत नाही, साच्याच्या कडा भुरभुरतात. दोन आठवड्यांत कास्टिंगवर वाळूचे डाग आणि ब्लोहोल (वायूची छिद्रे) दिसू लागले, रिजेक्शन (नाकारला जाणारा माल) वाढले आणि एका गिऱ्हाइकाने जॉब परत पाठवले. विजेत वाचलेले पैसे भंगारात गेले. जुन्या घडीत दिवसा भरलेले साचे रात्रीपर्यंत फ्लोअरवर थांबत आणि वाळू सकाळपर्यंत निवत असे, म्हणजे फाउंड्रीत साठवणूक आधीपासूनच होती, फक्त तिला कुणी बॅटरी म्हणत नव्हते.

त्यावरचा उपाय एका मोल्डिंग कंत्राटदाराने सुचवला. मोल्डिंगची पाळी दुपारी चार ते मध्यरात्र करायची, रात्रभर साचे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी नऊला ओतकाम सुरू करायचे. मोल्डिंगचा भार भट्टीच्या एक-दशांशाच्या आसपास असल्यामुळे संध्याकाळचा अधिभार त्यावर बसला तरी फारसे बिघडत नव्हते. वाळूला निवायला वेळ मिळाला. कोअर शॉप सकाळी सात ते तीन ठेवून मध्ये पत्र्याची भिंत घातली गेली. साच्यांच्या पेट्या मात्र जास्त लागल्या आणि तो खर्च कुणीही आधी धरलेला नव्हता.

सौर प्रकल्पाचा आकार दहा मेगावॅटवरून साडेतीनवर आणला गेला. ज्या फाउंड्र्यांनी दिवसाची पाळी किमान तीन महिने चालवून दाखवली, त्यांच्याच दिवसाच्या वापराच्या मापाने तो ठरवला. वेळपट्ट्या किंवा वळते करण्याचे नियम बदलले तर दराचा फेरविचार आणि ठरावीक रक्कम भरून बाहेर पडण्याची मुभा, ही दोन कलमे मिळवायला चार महिने लागले. विकासकाने त्यासाठी युनिटमागे काही पैसे जास्त लावले. तरुण मालकांना ते पटले नाही. मला पटले.

बॅटरी घेतली नाही. ज्या एका सभासदाकडे मशिन शॉपही आहे आणि ज्याच्या सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्रे) संध्याकाळी चालवाव्याच लागतात, त्याच्यासाठी वेगळी चौकशी चालू आहे, कारण तिथे दिवसाची सवलत आणि संध्याकाळचा अधिभार असा दोन्हींचा फरक हाती लागतो आणि मशिन शॉपमध्ये धूळही कमी असते.

अणुऊर्जेबद्दल काय लिहायचे, यावर आयोगाच्या पुढच्या सुनावणीसाठीच्या निवेदनाचा मसुदा तीनदा बदलला. शेवटी जो परिच्छेद राहिला त्याचा आशय असा होता की, पावसाळ्यातल्या सलग ढगाळ दिवसांसाठी राज्याला कोयनेच्या १,९६० मेगावॅटखेरीज अखंड चालणाऱ्या विजेचा काही हिस्सा लागेल, त्यात अणुवीज असण्याला संघटनेचा विरोध नाही, मात्र तिच्या विलंबाचा खर्च आधीच ग्राहकाच्या दरात धरला जाऊ नये. कोकणातल्या विस्थापनाबद्दल आणि मच्छीमारांबद्दल एक वाक्य असावे, असा दोघांचा आग्रह होता. बहुमताने ते गाळले गेले. मला ते गाळणे योग्य वाटले नाही, तशी नोंद माझ्या टिपणात आहे.

परिणाम

हे लिहीपर्यंत अकरापैकी सहा फाउंड्र्या दिवसाच्या पाळीवर स्थिरावल्या आहेत. दोघांनी प्रयोग करून पाहिला आणि ते मध्यरात्र ते सकाळी आठ या पाळीवर परतले. त्यांच्याकडे फ्लोअर लहान आहे, जादा पेट्या ठेवायला जागा नाही. उरलेले तिघे थांबून बघत आहेत आणि न्यायालयात काय होते याकडे त्यांचे लक्ष आहे. दिवसाच्या पाळीवर गेलेल्यांचे बिल खाली आले आहे, पण जुन्या रात्रीच्या सवलतीच्या काळाइतके नाही, आणि नवीन पेट्या, टॉवरची दुरुस्ती व पहिल्या दोन महिन्यांचे रिजेक्शन धरले तर अजून जमा-खर्च बरोबरीलाच आहे. सौर प्रकल्पाचे जमिनीचे काम चालू आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करणारा शांती कायदा मंजूर केला. मामांनी पेढे वाटले. आमच्या नऊ मेगावॅटसाठी त्याने आज काही बदललेले नाही, ही गोष्ट त्यांनी पेढा हातावर ठेवतानाच मान्य केली.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशीच प्रत्येक फाउंड्रीचा पंधरा-पंधरा मिनिटांचा वीजवापर मीटरमधून उतरवून भिंतीवर लावला असता, तर निम्मा वाद झालाच नसता. ही माहिती मीटरमध्ये असते, फक्त मागावी लागते. आम्ही ती सातव्या आठवड्यात मागितली.

दिवसाच्या पाळीचा प्रयोग चार ठिकाणी एकदम न करता एकाच ठिकाणी, आणि ऑगस्टऐवजी मार्च-एप्रिलच्या उन्हात करायला हवा होता. सर्वांत वाईट दुपारी जे चालते, ते वर्षभर चालते. दरआदेशाच्या तारखांमुळे हे शक्य नव्हते असे आम्ही स्वतःला सांगितले, परंतु दर बदलणार याची चर्चा आधीच्या हिवाळ्यापासून चालू होती.

मेल्टर आणि मोल्डर यांना बैठकीत बोलावले ते पॅनेल ट्रिप झाल्यावर. गरम वाळूचा धोका त्यांच्यातल्या दोघांनी नंतर असा सांगितला, जणू तो सगळ्यांना ठाऊकच होता. आम्ही बैठकीत अबूधाबी आणि कॅलिफोर्नियाबद्दल बोलत होतो, तेव्हा ते दोघे बाहेर नॉकआउटवर काम करत होते.

मामांचा पर्याय ‘आपल्या आवाक्याबाहेरचा’ म्हणून बाजूला सारताना त्यांचा प्रश्नही बाजूला सारला गेला होता, आणि दुपारची सवलत किती वर्षे टिकेल हा विचार त्यामुळे दीड महिना उशिरा पुढे आला. त्या दीड महिन्यात दहा मेगावॅटच्या करारावर सही झाली असती, तर आज साडेसहा मेगावॅटची दुपारची वीज कुणाला द्यायची हे शोधत बसावे लागले असते.

पुढची बैठक एप्रिलमध्ये आहे. त्यात दोनच विषय ठेवले आहेत : मे महिन्यातल्या दुपारी बारा ते तीन ओतकाम बंद ठेवायचे का, आणि ठेवले तर ते तीन तास सकाळी सहाला सुरुवात करून भरून काढायचे का. सकाळी सहा ते नऊ सवलत नाही, अधिभारही नाही. मेल्टरांनी त्यासाठी आधीच होकार कळवला आहे.